क्यू हातात, कसोटी मनाची

क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजाकडे धावून येतो. त्याला विचार करायला सवडच मिळत नाही. पूलमध्ये स्थिती नेमकी उलटी असते. पांढरा चेंडू जागेवर स्थिर असतो, घाई करणारे कोणी नसते आणि प्रतिस्पर्धी खुर्चीत बसून निमूटपणे पाहत असतो. ही सवडच घातक ठरते. एरवी सहज जाणारा काळा चेंडू, डावाचा निकाल त्याच्यावरच अवलंबून असला की पॉकेटच्या तोंडाशी अडखळतो.

असे का होते, याचे उत्तर पूलच्याच टेबलावर शोधले गेले आहे. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात विद्यापीठातील पूल खेळणाऱ्यांचे फटके आधी त्यांच्या नकळत मोजण्यात आले. नंतर चार माणसे टेबलाजवळ येऊन उभी राहिली. सरस खेळाडूंचे यश ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले; कच्च्या खेळाडूंचे मात्र ३६ वरून २५ टक्क्यांवर घसरले. प्रयोग लहान असला तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. अंगवळणी पडलेले कौशल्य दडपणाखाली उजळते, अर्धवट शिकलेले उघडे पडते. त्यामुळे 'मन खंबीर कर' हा उपदेश सरावाची जोड नसेल तर फारसा उपयोगाचा नाही.

भीती फटक्यापर्यंत पोहोचते ती हातातून. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. स्वार बिथरला की लगाम आवळला जातो आणि घोड्याची चाल मोडते, हे तिथल्या जाणकारांना सांगावे लागत नाही. क्यूचेही तसेच आहे. मनात शंका आली की पकड घट्ट होते, मनगट ताठरते, शेवटच्या क्षणी झटका बसतो आणि चेंडू कुठे गेला हे पाहण्याच्या घाईत डोके वर उचलले जाते. चूक हाताची दिसते, सुरुवात मात्र मनात झालेली असते.

म्हणून निर्णय आणि कृती यांची फारकत करणे हा या खेळातील सर्वांत उपयुक्त धडा होय. कोणता चेंडू, कोणते पॉकेट, जोर किती, पांढरा चेंडू कुठे थांबवायचा हे सारे उभे असतानाच ठरवावे. वाकल्यानंतर विचार नको. शंका आलीच तर सरळ उठून उभे राहावे आणि पुन्हा सुरुवात करावी. नवखा खेळाडू नेमके याच वेळी संकोचाने फटका मारून मोकळा होतो. क्यूचे तीन-चार हलके झोके, क्षणभर विराम, लक्ष्यावर ठरलेली नजर, मग फटका, हा क्रम प्रत्येक वेळी तोच असावा. बिलियर्ड्स खेळाडूंवरील २००२ सालच्या एका अभ्यासात कुशल खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी अधिक काळ स्थिर राहते, असे आढळले होते.

खुर्चीतला वेळ ही वेगळीच परीक्षा. मुंबईचे मायकल फरेरा यांनी १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला, गीत सेठी यांनी १९९२च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६चा. तेवढा वेळ समोरच्याने काय करायचे? मनातल्या मनात प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची प्रार्थना करणारा खेळाडू, संधी आली की थंडावलेला असतो. नजर टेबलावरील मांडणीवर ठेवणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणी यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या २०२४ मध्ये २८ झाली. त्यांचे थोरले बंधू श्री हे क्रीडा मानसशास्त्रज्ञ आहेत, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दडपणाची सवयही सरावातच लावता येते. दहा चेंडू सलग घालायचे आणि एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आठव्या-नवव्या चेंडूला छाती धडधडू लागते, आणि खरा सराव तिथून सुरू होतो. चुकलेल्या फटक्यांची वहीही ठेवावी. प्रत्येक नोंदीपुढे एवढेच लिहावे, की चेंडू नेम चुकल्याने गेला की वाकताना निर्णय पक्का नव्हता. महिनाभरात दुसऱ्या प्रकारच्या नोंदी किती झाल्या, हे पाहून बरेच खेळाडू चकित होतील.