सूर्याची वीज आणि गायरानाचा प्रश्न

कुपवाड हे कारखानदारीचे गाव. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. परंतु येथील औद्योगिक वसाहतीचे नाते शहराइतकेच भोवतालच्या कोरडवाहू तालुक्यांशीही आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात माळ पुष्कळ आणि ऊन त्याहून पुष्कळ. म्हणूनच सूर्यापासून वीज करणाऱ्यांची दृष्टी या माळांकडे वळली आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पंप सौर विजेवर चालविण्यासाठी जत तालुक्यात मोठा प्रकल्प आखण्यात आला आहे. त्याखेरीज २०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ पासून नव्या रूपात राबविली जाणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना गावोगावच्या वीज उपकेंद्रांजवळ जमीन शोधत आहे. अशा प्रकल्पाच्या शेजारी राहण्यात लाभ किती, हानी किती, आणि मुख्य म्हणजे लाभ कोणाचा व हानी कोणाची, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम लाभ पाहू. सौर प्रकल्पात धूर नाही, राख नाही, भोंगा नाही. औष्णिक वीजकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांत जी राख जाते ती येथे नाही. एक मेगावॅटचा प्रकल्प आपल्या भागात वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज देतो. ही वीज दिवसा मिळते. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा पाणी द्यायला जावे लागते ते सालगड्याला आणि मजुराला. अंधारात साप-विंचवाच्या तोंडी तोच जातो. दिवसाची वीज ही त्याच्या जिवाची सोय आहे, हे आपण नाकारू नये.

आता भीतीचा विचार करू. २००० नंतरच्या दुष्काळात सातारा-सांगलीकडे पवनचक्क्या ढग पळवतात असा समज पसरला होता. सौर पट्ट्यांविषयीही तसेच बोलले जाते : पाऊस थांबतो, किरणोत्सर्ग होतो, गर्भ पडतात. यांतील कशालाही शास्त्राचा आधार नाही. काचेखाली सिलिकॉनच्या चकत्या असतात. त्यांवर प्रकाश पडला की वीज वाहू लागते. तेथे काही जळत नाही आणि किरणोत्सर्गी असे काही नसते. बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्याने अफवेच्या बळावर लढा उभारू नये. असा लढा पहिल्या तपासणीतच कोसळतो आणि खरा प्रश्नही त्याच्याबरोबर गाडला जातो.

कारण खरा त्रासही आहेच. अमेरिकेतील ॲरिझोनात केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत प्रकल्पावरची रात्रीची हवा मोकळ्या रानापेक्षा ३ ते ४ अंशांनी उष्ण आढळली. ही उष्णता दूरवर पसरत नाही. पण कुंपणाला चिकटून पत्र्याची घरे असतील तर तेथे मोजणी मागणे रास्त आहे. पट्ट्यांवरची धूळ पाण्याने धुवायची तर एका वेळी हजारो लिटर पाणी लागते. टँकरवर जगणाऱ्या गावात हे पाणी कोठून येणार, हा साधा प्रश्न नव्हे. जमीन सपाट करताना ओघळ बुजवले तर पावसाचे पाणी वस्तीत शिरते. तण मारण्यासाठी औषध फवारले तर ते शेजारच्या विहिरीत उतरू शकते. आणि पंचवीस-तीस वर्षांनी निकामी झालेल्या पट्ट्यांचे काय? २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश झाला आहे. पण नियम कागदावर असतो आणि कचरा वस्तीजवळ पडतो, हा आपला जुना अनुभव आहे.

तथापि सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा आहे. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते. खासगी जमीनमालकाला या योजनेत वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. सरकारी जमीन म्हणजे पुष्कळ ठिकाणी गायरान. आणि गायरान म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे सर्वस्व : त्याच्या शेळीचा चारा, त्याच्या चुलीचे सरपण, त्याची पायवाट, कधी त्याने कसलेला तुकडा. गावाने आपल्या वस्त्या वेशीबाहेर ठेवल्या म्हणून गायरान आपल्या दाराशी आले. आज त्याच दाराशी तारेचे कुंपण येत आहे.

येथे हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे. दिवसाची वीज मिळते ती ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्याला. भाडे मिळते ते ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. या योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. तो पैसा ज्यांच्या हाती पंचायत आहे ते खर्च करतात. आणि भूमिहीनाला काय मिळते? बांधकामापुरती काही महिन्यांची मजुरी, नंतर राखणदारीच्या व धुण्यापुसण्याच्या मोजक्या जागा. एकदा उभा राहिलेला सौर प्रकल्प फारच थोड्या हातांना काम देतो. लाभ पंपवाल्याचा आणि किंमत बिनपंपवाल्याची, अशी ही वाटणी आहे. दोष सूर्याचा नाही, वाटणीचा आहे.

धुळे जिल्ह्याने हे आधीच अनुभवले आहे. साक्री तालुक्यात २०१३ साली १२५ मेगावॅटचा सरकारी प्रकल्प उभा राहिला. तेथे जमीन कसणाऱ्यांच्या हक्काचा प्रश्न उपस्थित झाला. त्याच जिल्ह्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याजवळ सातबारा होता त्याची ही गत. ज्याच्याजवळ तोही नाही त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

गायरानाचा हा लढा आजचा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. त्यातून निर्माण झालेल्या दडपणामुळेच पुढे शासनाला १९७८ चा आणि २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय काढावा लागला. दुसऱ्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तेव्हाही शासकीय निर्णयाने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. महार वतनाच्या जमिनींचेही तसेच : १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याखाली परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीखेरीज हस्तांतरित करता येत नाही. तीस वर्षांच्या भाडेकरारावर अंगठा उठवण्यापूर्वी हे ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतून सूट आहे. म्हणजे इतर मोठ्या प्रकल्पांप्रमाणे येथे जनसुनावणी होत नाही. ‘स्वच्छ’ या एका शब्दावर ही सूट मिळाली आहे. पण धूर नसणे म्हणजे अन्याय नसणे नव्हे. सुनावणी नाही, म्हणून ग्रामसभा हीच आपली सुनावणी केली पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रकल्पाची चाहूल लागताच गायरानाचा गट क्रमांक, नकाशा आणि त्यावर कसणाऱ्या, चारणाऱ्या कुटुंबांची यादी तयार करावी. १९९० पूर्वीच्या कब्जाचे पुरावे, दंडाच्या पावत्या, पीकपाण्याच्या नोंदी एकत्र कराव्यात. ग्रामसभेत लेखी ठराव मागावेत : पायवाट व ओघळ मोकळे ठेवावेत, पाण्याचा स्रोत जाहीर करावा, पट्ट्यांखालचे गवत भूमिहीन स्त्रियांना कापू द्यावे, नोकऱ्यांत वस्तीला पहिला हक्क द्यावा, आणि पंधरा लाखांतील वाटा वस्तीच्या कामांसाठी राखून ठेवावा. कुपवाडसारख्या ठिकाणी आणखी एक मागणी करता येते. कारखान्यांच्या छपरांवर पट्ट्या बसवल्या तर कोणाची शेळी उपाशी राहत नाही. छपरे रिकामी असताना गायरानाकडेच आधी बोट का दाखवले जाते, हे विचारण्याचा अधिकार कामगारालाही आहे.

सूर्य कोणाच्या वतनाचा नाही. पण त्याचे ऊन धरण्यासाठी जमीन लागते, आणि या देशात जमिनीला जात आहे. सौर वीज आपल्याला हवी आहे; मात्र ती आपल्या पायाखालची जमीन काढून घेऊन नको.