आधी मन, मग पाणी

सोनईच्या परिसराला ख्रिस्ती मंडळी नवखी नाही. नेवासे तालुक्यातच वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे, आणि शेजारच्या तालुक्यात राहुरी. तरीही ‘अमक्याने बाप्तिस्मा घेतला’ म्हटले की गावाला ऐकू येते ते ‘धर्म बदलला’ एवढेच. पश्चात्ताप आणि क्षमा मागे राहतात, आणि खरे मर्म तर तिथेच आहे.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्षमा ही देवाची देणगी. ती कमावता येत नाही, पश्चात्तापाने पदर पसरून घ्यावी लागते. बाप्तिस्मा म्हणजे तिची चारचौघांसमोर स्वीकारलेली खूण. यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने गर्दीला आधी फटकारले, पश्चात्ताप वागण्यात दिसू द्या म्हणून. जकातदारांना त्याने बजावले, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगितले, धाक दाखवून पैसे उकळू नका.

मग पाप पाण्याने धुतले जाते का? येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्मा मिळाला नाही, क्षमा मिळाली. उलट शोमरोनातल्या शिमोन जादूगाराने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे पवित्र आत्म्याचे सामर्थ्य पैसे देऊन मागितले. पेत्राने त्याला सुनावले, आधी पश्चात्ताप कर.

पंथापंथांत फरक आहेत. कॅथलिक चर्च बाप्तिस्म्याला पापक्षमेचा संस्कार मानते आणि नंतरच्या पापांसाठी धर्मगुरूंपुढे पापनिवेदन सांगते. बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल मंडळी जाणत्या वयातच बाप्तिस्मा देतात. 1970 साली स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चने बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. पश्चात्ताप मात्र जन्मभराचा, याविषयी वाद नाही.

राहुरीतले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या दुरावल्या. पुढे नांदायला आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या सांगतात, जातिभेद माणसाने केलेला आहे हे मनाला पटले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. 1900 साली राहुरीत झालेला बाप्तिस्मा त्यानंतरचा. योहानाने जकातदारांकडे मागितला होता तो बदल त्यांच्या स्वयंपाकघरात आधीच घडला होता.

नारायण टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. स्वतःच्या बाप्तिस्म्यापायी घरदार, गणगोत पणाला लावलेल्या माणसाला त्याचे मोल कुणी शिकवायला नको होते. पण देवाची क्षमा पाण्याची वाट पाहत थांबत नाही, हेही त्यांना उमगले होते.