बंगल्यातली मुले, डोंगरावरची शाळा

वऱ्हाडात काम करायला आलेल्या परदेशी मिशनरी कुटुंबांत मुलांच्या बालपणाचे दोन तुकडे पडत. सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मिशन कंपाउंडातला बंगला, आणि नंतर हजार-पंधराशे किलोमीटरांवरची वसतिशाळा. या दोन तुकड्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला, पण अमरावती शहर त्याच्या वाटेवर नव्हते. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा काढावा लागला. त्यामुळे अमरावतीकडच्या कुटुंबांना दूरची गाडी धरायची तर बडनेरा जंक्शन गाठावेच लागे. मूल पहिल्यांदा शाळेला निघाले की घराचा निरोप या फलाटावर होई.

ही कुटुंबे वऱ्हाडात आली ती वेगवेगळ्या पंथांकडून. १८७० च्या दशकात एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, अमेरिकन मिशनऱ्यांनी बस्तान मांडले आणि सातपुड्यातल्या कोरकूंमध्ये काम सुरू केले. १८८१ साली अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांच्या पत्नी फीबी बुऱ्हाणपूरला उतरले. त्यांच्या फ्री मेथडिस्ट पंथाचे काम पुढे यवतमाळ भागात स्थिरावले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अकोला हे मुख्य ठिकाण केले आणि अमरावती, खामगाव या बाजूंना ठाणी उघडली. नाझरीन मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुलढाण्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कंझर्व्हेटिव्ह बाप्टिस्टही आले. पंथ निराळे असले तरी घरातला प्रश्न सगळ्यांचा एकच होता: मुलांना शिकवायचे कुठे?

मिशनचा बंगला म्हणजे गावाच्या कडेला बरीच मोठी जागा, मधोमध उंच छताचे घर, भोवती रुंद व्हरांडा, विहीर, निंबाची झाडे, एका बाजूला चर्च किंवा शाळा आणि मागे नोकरमाणसांच्या खोल्या. १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर यांत अनाथाश्रमांची भर पडली. अकोला आणि खामगाव इथे दुष्काळातली पोरकी मुले-मुली मिशनने सांभाळली. म्हणजे मिशनऱ्याचे मूल एकटे वाढत नसे. त्याच आवारात भारतीय प्रचारकांची, शिक्षकांची, स्वयंपाक्याची मुले असत. खेळ त्यांच्याबरोबर, भांडणे त्यांच्याशी आणि भाषाही त्यांचीच.

या भाषेकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. साहेब दौऱ्यावर आणि मडमबाई दवाखान्यात किंवा बायकांच्या वर्गात गुंतलेल्या, तेव्हा लहान मूल दिवसभर आयाच्या कडेवर असे. इंग्रजी आईकडून यायचे आणि मराठी आयाकडून, आणि आयाची मराठी पुस्तकी नव्हती, वऱ्हाडी होती. आईवडील मुन्शी ठेवून, व्याकरण घोकून, मिशनच्या भाषापरीक्षा देऊन जी भाषा दोन-तीन वर्षांत जेमतेम शिकत, ती मुलाच्या तोंडी आपसूक असे. या मुलांचे हे पहिले शिक्षण होते, आणि ते मोफत होते. ते टिकवून धरायची सोय मात्र पुढच्या कुठल्याच शाळेत नव्हती.

वर्षाची घडी हवामान ठरवी. दिवाळी झाली, रस्ते वाळले की गावोगावचा दौरा सुरू होई. तंबू, सामानाच्या बैलगाड्या, दमणीत बसलेली आई आणि मुले. एका गावाच्या आमराईत आठ-दहा दिवस मुक्काम, मग पुढचे गाव. मुलांना हे दिवस फार प्रिय असत, कारण आईवडील पूर्णवेळ डोळ्यांसमोर असायचे ते याच दिवसांत. मार्चपासून चित्र पालटे. वऱ्हाडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. वाळ्याचे पडदे आणि ओढायचा पंखा यांवर लहान मूल निभावेल याची खात्री नसे. पटकी, हगवण, हिवताप यांनी बंगल्यांतली मुलेही जात. चिखलदरा जवळचे आणि थंड, पण तिथे शाळा नव्हती.

घरचा अभ्यास आईच्या वाट्याला येई. मिशनच्या कागदोपत्री तीही मिशनरीच असे, तिनेही भाषापरीक्षा दिलेली असे, दवाखाना किंवा मुलींची शाळा तिच्याकडे असे. त्यातून सकाळचे दोन तास काढून ती मुलाला वाचायला-लिहायला शिकवी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून घरी शिकवण्याचा पूर्ण अभ्यासक्रम टपालाने पाठवायला सुरुवात केली. पुस्तके, वह्या आणि रोज काय शिकवायचे याची बारीक सूचना देणारी पुस्तिका, असा तो संच असे. आडगावी राहणाऱ्या कुटुंबांना त्याचा जगभर आधार झाला. काही घरांत आठ-नऊ वर्षांपर्यंत हे चाले. पुढचे गणित, विज्ञान, परकी भाषा एकट्या आईच्या आवाक्याबाहेर जाई. शिवाय वयाच्या सोबत्यांबरोबर वर्गात बसण्याची सवय लागत नसे, ही काळजी वेगळीच.

शाळा तर मिशनच्याच आवारात होती, मग मूल तिथे का बसवायचे नाही? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. एक कारण खरे होते. मिशनच्या शाळा मराठी माध्यमाच्या आणि बहुतेक प्राथमिक होत्या. अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळवायला त्यांचा उपयोग नव्हता, आणि मुलाने मोठेपणी मायदेशी जायचे हे गृहीत होते. दुसरे कारण मोकळेपणाने बोलले जात नसे. साम्राज्याच्या काळात गोऱ्या मुलाने देशी मुलांबरोबर एका बाकावर शिकायचे नाही, हा रिवाज मिशनरी घरांनीही पाळला. देवापुढे सगळे सारखे अशी शिकवण देणाऱ्यांनी शाळेच्या बाबतीत ही रेघ ओढावी, ही त्या कामातली खोल विसंगती होती, आणि तिची झळ दोन्हीकडच्या मुलांना लागली. कालपर्यंत एकत्र विटीदांडू खेळणाऱ्यांपैकी एक डोंगरावर गेला आणि दुसरा आवारातल्या शाळेत राहिला.

डोंगरावरच्या शाळा निघण्याआधीची पिढी याहून कठीण काळातून गेली. तेव्हा मूल पाठवायचे ते थेट मायदेशी. महाराष्ट्रातले पहिले अमेरिकन मिशन मुंबईत १८१३ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक गॉर्डन हॉल यांच्या पत्नी मार्गारेट १८२५ साली मुलांच्या प्रकृतीसाठी दोघांना घेऊन अमेरिकेच्या जहाजावर चढल्या. त्यांतला एक मुलगा वाटेतच दगावला. पुढच्या मार्चमध्ये हॉल स्वतः नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. कुटुंब पुन्हा एकत्र आले नाही.

अहमदनगरच्या ह्यूम घराण्याची कथाही अशीच सुरू होते. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म मुंबईचा, १८४७ सालचा. ते सात वर्षांचे असताना वडील मायदेशी परतताना समुद्रातच वारले आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. येल विद्यापीठातून पदवी घेऊन हे ह्यूम १८७४ साली अहमदनगरला आले ते अर्धशतक तिथेच राहिले. संतचरित्रकार महिपतींचे ग्रंथ इंग्रजीत नेणारे जस्टिन ॲबट हेही याच मिशनमधल्या अमेरिकन मिशनऱ्याचे चिरंजीव. ते लहानपणीच अमेरिकेला गेले आणि मोठेपणी परत आले. ज्या देशातून लहानपणी उचलून नेले, तिथेच ही मुले पुन्हा ओढीने येत राहिली.

इंग्लंडमध्ये तर अशा मुलांसाठी खास शाळाच होत्या. लंडनजवळ वॉल्थमस्टो इथे मिशनऱ्यांच्या मुलींची शाळा १८३८ साली आणि मुलांची १८४२ साली सुरू झाली. मुलांची शाळा पुढे एल्थम कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑलिम्पिक धावपटू एरिक लिडल याच शाळेचा विद्यार्थी. चीनमध्ये जन्मलेल्या एरिकला आणि त्याच्या भावाला आईवडिलांनी १९०८ साली तिथे ठेवले, तेव्हा एरिक सहा वर्षांचा होता. आईवडील चीनला परतले आणि मुलांची त्यांच्याशी गाठ वर्षानुवर्षांनी पडे.

भारतात हा दुरावा थोडा तरी कमी झाला तो डोंगरी शाळांमुळे. मसुरीजवळ लंढोरची वूडस्टॉक शाळा १८५४ पासूनची. दक्षिणेत कोडईकनालला १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी हायक्लर्क नावाच्या जुन्या हॉटेलच्या जागेत शाळा काढली. मिशनरी मुलाला भेटायला अमेरिकेहून आलेल्या मार्गारेट एडी या वयस्क बाई पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्या वर्षी मुले डझनभरच होती. पुढे वऱ्हाडातल्या मिशनरी घरांतली बरीच मुले कोडईला जात राहिली, काही वूडस्टॉकला गेली.

कोडईची वाट लांबची होती. १९२९ पूर्वी बडनेऱ्याहून आधी पश्चिमेला मनमाड, तिथून दौंड, मग वाडी, रायचूर, गुंतकलवरून मद्रास असा मोठा वळसा पडे. १९२९ साली काझीपेठ ते बल्लारशा जोडले गेले आणि वर्ध्याहून सरळ दक्षिणेला जाता येऊ लागले. मद्रासहून पुढे मीटरगेजने कोडईकनाल रोड स्टेशन आणि तिथून घाट. मोटाररस्ता होण्याआधी पायथ्यापर्यंत बैलगाडी आणि वर डोलीने किंवा तट्टावरून चढाई असे. शाळेला जाणाऱ्या मुलांचा जथा करून एक-दोन मोठी माणसे सोबत देण्याची पद्धत पडली. वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, फिरकीच्या तांब्यात पाणी आणि फराळाचे डबे. वाटेतल्या एकेका जंक्शनवर नवी मुले चढत. रडे बहुधा पहिल्या रात्रीपुरते असे, पुढे डब्यात दंगा सुरू होई.

या शाळांनी वर्षाची आखणी मोठ्या समजुतीने केली होती. सुट्टी उन्हाळ्यात दिली असती तर मुले वऱ्हाडच्या भट्टीत उतरली असती. म्हणून मोठी सुट्टी थंडीत ठेवली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुले घरी येत आणि त्यांना नेमके दौऱ्याच्या दिवसांत तंबूत राहायला मिळे. उन्हाळ्यात उलट होई. एप्रिल-मेमध्ये आई आणि जमल्यास वडीलही डोंगरावर येत, भाड्याची किंवा मिशनची खोली घेत आणि त्या आठवड्यांत मुले वसतिगृह सोडून आईकडून शाळेला जात. अशा रीतीने वर्षातून पाचेक महिने कुटुंब एकत्र राही. बाकीचे सात महिने पत्रांवर काढायचे. वसतिगृहात आठवड्याच्या एका ठरल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरी पत्र लिहायचे हा नियम होता. मोठ्यांच्या नजरेखाली लिहिलेल्या त्या पत्रांत सगळे ठीकच असे.

या व्यवस्थेने उत्तम शिक्षण दिले, हे मान्य करायला हवे. संगीत, नाटक, डोंगरभटकंती, चांगले शिक्षक आणि दहा-बारा मिशनांतले सोबती. पण मराठी सुटली. तमिळ मुलखातल्या इंग्रजी शाळेत वऱ्हाडी बोलायला कोणी नव्हते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आयाचे बोलणे समजे, उत्तर मात्र अडखळत येई.

दर सहा-सात वर्षांनी कुटुंब वर्षभराच्या रजेवर मायदेशी जाई. वडील वेगवेगळ्या चर्चमध्ये भाषणे देत, कामासाठी पैसा उभा करत आणि मुले अनोळखी गावातल्या शाळेत बसत. तिथे त्यांना कपड्यांची ढब, खेळाचे नियम, बोलण्यातले संदर्भ, काहीच ठाऊक नसे. आपला देश म्हणून जो सांगितला, तिथे ते पाहुणे ठरत. सतरा-अठराव्या वर्षी शाळा संपली की एकट्याने जहाजात बसून त्याच देशात कायमचे जायचे असे, आणि आईवडील मागे वऱ्हाडात राहत.

या अवस्थेला नाव मिळाले तेही भारतातच. रूथ आणि जॉन युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९५० च्या दशकात भारतात येऊन संशोधन केले. आपल्या तिन्ही मुलांना ते सोबत घेऊन आले होते. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचे जगणे ना पूर्ण मायदेशाचे ना पूर्ण भारताचे, दोहोंच्या मधले तिसरेच काही आहे, असे त्यांना दिसले. त्यातून ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा आली. आज ती आखाती देशांत किंवा अमेरिकेत नोकरीनिमित्त फिरणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनाही लावली जाते.

उलट दिशेचे एक मराठी उदाहरणही आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली चिमुकल्या लेकीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे मनोरमा वाँटेजच्या साध्वींच्या देखरेखीखाली राहिली. तिला धर्म कोणी आणि कसा शिकवायचा यावरून रमाबाई आणि तिथल्या सिस्टर जेराल्डाईन यांच्यात झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. आपल्या मुलीच्या मनावरचा हक्क रमाबाईंनी निक्षून स्वतःकडे ठेवला. पुढे मनोरमा अमेरिकेतल्या नॉर्थ चिली इथल्या चेसब्रो सेमिनरीत शिकली. ही शाळा फ्री मेथडिस्टांची, म्हणजे यवतमाळला मिशन चालवणाऱ्या पंथाचीच.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या उतरत गेली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि तिथल्या सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा मिशनरी कार्यावरचा टीकात्मक अहवाल १९५६ साली आला. नव्या मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे अवघड झाले, चर्च आणि संस्था भारतीयांच्या हाती आल्या, बंगल्यांचे उपयोग बदलले. कोडईची शाळा १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय शाळा झाली आणि तिथे भारतीय मुले मोठ्या संख्येने शिकू लागली.

प्रश्न मात्र संपला नाही, कुटुंबे बदलली. तमिळनाडूत १९५९ साली सुरू झालेल्या फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडसारख्या भारतीय संस्थांनी आपली माणसे गुजरातच्या डांगपासून उत्तर भारतापर्यंत पाठवली. या तमिळ दांपत्यांपुढे तोच पेच आला. आदिवासी पाड्यात मूल स्थानिक बोली पटकन उचलते, पण पुढच्या शिक्षणासाठी त्याला आईवडिलांची भाषा आणि चांगले इंग्रजी हवे असते. अशा मुलांसाठी तिरुनेलवेली जिल्ह्यात डोनावूरला संतोष विद्यालय ही निवासी शाळा आहे. आईवडील उत्तरेकडे आणि मुले दक्षिणेत, असा नकाशा पुन्हा तयार झाला. गुजरातेतून तमिळनाडूकडे जाणारी अहमदाबाद–चेन्नई नवजीवन एक्सप्रेस सुरत, भुसावळ, अकोल्यावरून येते, बडनेऱ्याला थांबते आणि वर्ध्याहून दक्षिणेला वळते.