दुभंगलेल्या बेटावरची सामाईक कामे

सायप्रस म्हटले की आपल्याला हजरत उम्मे हराम (र.) आठवतात. या सहाबिया हजरत उस्मान (र.) यांच्या खिलाफतीत समुद्री मोहिमेबरोबर बेटावर गेल्या आणि तिथेच खेचरावरून पडून वारल्या. लार्नाकाजवळ खाऱ्या तलावाकाठी त्यांची मजार आहे. तुर्की लोक तिला हाला सुलतान म्हणतात. गंमत पाहा, मजार ग्रीकांच्या दक्षिण भागात, आणि बेटावरचे तुर्की मुसलमान बहुतेक सगळे उत्तरेत!

१९७४ मध्ये ग्रीक राष्ट्रवाद्यांचे बंड झाले, पाठोपाठ तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि बेट दुभंगले. उत्तरेचे सरकार तुर्कस्तानखेरीज कोणीच मानत नाही. मग करारावर सही कोणी, कोणत्या पदाने करायची? गाडी इथेच अडते.

पण मैल्याला सरहद्द कळत नाही. राजधानी निकोसियाही दुभंगलेली, आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण केंद्र उत्तरेत. १९७८ मध्ये ग्रीक बाजूचे नगराध्यक्ष लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की बाजूचे मुस्तफा अकिंजी यांनी ठरवले, मान्यतेचा वाद बाजूला ठेवून गटारे एकच करायची. आपल्याकडे शेजारी गल्लीच्या नाल्यावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हे आठवले की या दोघांचे मोल कळते. पुढे युरोपीय संघाच्या मदतीने तिथे नवे केंद्रही झाले. अकिंजी २०१५ मध्ये तुर्की सायप्रियटांचे नेते निवडून आले.

याहून अवघड काम बेपत्ता माणसांचे. १९६३-६४ आणि १९७४ च्या हिंसाचारात २,००२ जण नाहीसे झाले. त्यांतले १,५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की. १९८१ मध्ये समिती नेमली गेली: एक सदस्य ग्रीक, एक तुर्की, तिसरा संयुक्त राष्ट्रांकडून. खोदकामाला मात्र २००६ पर्यंत वेग आला नाही. आज दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एकत्र हाडे उकरतात, नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवतात आणि अवशेष घरच्यांच्या हवाली करतात. कोणी जनाज्याची नमाज पढतो, कोणी चर्चमध्ये प्रार्थना करतो.

मारले कोणी, हे समिती सांगत नाही. तसा तिला अधिकारच नाही. काही घरांना हे बोचते, आणि ते बोचणे आम्हाला रास्त वाटते. पण ही अट नसती तर साक्षीदार जागा दाखवायला पुढे आलेच नसते. आतापर्यंत हजाराहून अधिक जणांची ओळख पटली आहे. उरलेल्या जवळपास निम्म्या घरांना फातिहा पढायला किंवा मेणबत्ती लावायला अजून कबर नाही.