पीक-प्रारूपाची यॅमल फाइल वाचताना

संगणकीय पीक-प्रारूपाने काढलेला उत्पादनाचा अंदाज चुकला, की पुष्कळदा दोष हवामानाच्या नोंदींकडे जातो. पेरणी, सिंचन व कापणीची माहिती देणारी छोटी फाइल मात्र ‘ते संगणकवाल्यांचे काम’ म्हणून न उघडताच राहते. वास्तविक ती कृषी कार्यकर्त्यालाही वाचता यावी अशाच पद्धतीने लिहिलेली असते. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे विकसित झालेल्या ‘वोफोस्ट’ या प्रारूपाच्या पायथॉन आवृत्तीत ही माहिती ‘यॅमल’ या लेखनपद्धतीत द्यावी लागते. २००१ मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत कंस जवळजवळ नसतात. नाव, विसर्गासारखे चिन्ह आणि मूल्य, एवढाच तिचा गाभा. सोपी केलेली मराठी नोंद अशी दिसेल:

गहू:
  पेरणी: २०२४-११-१५
  सिंचन:
    दिनांक: २०२४-१२-०६
    पाणी: ६.०  # सेंमी; मुकुटमुळे फुटताना

# या चिन्हापुढील मजकूर केवळ माणसासाठी असतो, संगणक तो वगळतो. (येथे देवनागरी अंक छापले आहेत, प्रत्यक्ष फाइलीत इंग्रजी अंकच हवेत, अन्यथा ते अक्षरे समजले जातात.)

कोणती बाब कोणत्या शीर्षाखाली येते, हे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरते. वरील शेवटची ओळ दोन जागा डावीकडे सरकली, तर पाण्याची मात्रा सिंचनाची न राहता थेट गव्हाची होते. यॅमलच्या नियमांनुसार ही फाइलही निर्दोषच ठरते. पाळीला मात्र पाणी उरत नाही. ही जागा स्पेसने सोडावी, टॅब चालत नाही.

एककाची चूक याहून महाग पडते. वोफोस्टमध्ये पाण्याची मात्रा सेंटिमीटरमध्ये देतात, तर आपल्याकडील शिफारशी बहुधा मिलिमीटरमध्ये असतात. ६० मिमीच्या पाळीसाठी ६ ऐवजी ६० लिहिले, तर शेतात एकाच वेळी ६०० मिमी पाणी दिल्याची नोंद होते. ६० हाही वैध अंकच असल्याने यॅमल वाचताना ही चूक पकडली जात नाही. ती पकडेल तो गव्हाला पाणी देणारा माणूस.

दिनांक वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहावा. आपल्या सवयीने १५-११-२०२४ लिहिल्यास तो दिनांक न राहता नुसता मजकूर होतो.

जुन्या १.१ आवृत्तीच्या नियमांत आणखी काही खाचखळगे आहेत. २००९ च्या १.२ आवृत्तीने ते काढले, तरी पायथॉनमधील प्रचलित वाचक अद्याप जुनेच नियम पाळतो. पंप सुरू करण्याची वेळ ६:३० लिहिली, तर ती साठाच्या पटीतील संख्या समजून ३९० होते. शून्याने सुरू होणारा प्लॉट क्रमांक ०१२ अष्टमान पद्धतीने वाचला जाऊन १० होतो आणि नोंद दुसऱ्याच प्लॉटच्या नावे जाते. वेळ, गट क्रमांक, वाणांचे सांकेतिक क्रमांक अवतरणचिन्हांत लिहिले म्हणजे ते जसेच्या तसे वाचले जातात.