लोखंड नको

मेटल डिटेक्टरवर एक सोय असते. कोणत्या धातूसाठी ओरडायचं नाही, हे तिच्यातून यंत्राला आधीच बजावून ठेवता येतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा या सपाट गवताळ मुलखात ओसाड पडलेल्या जुन्या घरांच्या जागा धुंडाळणारे हौशी शोधक ती पुष्कळदा एकाच कामासाठी वापरतात: लोखंड नको. कारण उघड आहे. ज्या जागी एकेकाळी लाकडी घर उभं होतं, तिथे जमिनीत सर्वांत जास्त काय असेल तर खिळे. यंत्राने प्रत्येक खिळ्याची दखल घ्यायची म्हटलं, तर कानांत नुसती कुरकुर चालू राहते आणि चांदीच्या नाण्याचा स्वच्छ, उंच स्वर तिच्यात बुडून जातो. म्हणून खिळे गप्प करायचे. माझं म्हणणं असं की ज्या क्षणी खिळे गप्प केले, त्या क्षणी घरही गप्प झालं. उरतात ते फक्त घरात राहणाऱ्यांच्या खिशांतून गळलेले योगायोग. शोधकांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्यांच्या हातातलं यंत्र जे सांगायला सर्वांत जास्त लायक आहे, तेच ते त्याला सांगू देत नाहीत, एवढीच तक्रार आहे.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. दांड्याच्या टोकाला थाळीसारखी कॉइल असते. तिच्यातून सतत उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र कॉइलकडे परत येतं. ते किती जोरात आलं आणि किती मागे पडून आलं, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. लोखंडाची तऱ्हा वेगळी, चांदी-तांब्याची वेगळी. यात धातूची जात कळते असं म्हणणं मात्र धाडसाचं. थंड पेयाच्या डब्याची जुनी ओढून काढायची कडी आणि सोन्याची अंगठी जवळजवळ एकाच स्वरात बोलतात, आणि मोठा गंजका सपाट पत्रा कधीकधी चक्क चांदीचं सोंग घेतो. त्यामुळे खरं काम यंत्राइतकंच मनगटाचं आणि कानाचं आहे. कॉइल जमिनीला समांतर ठेवायची, दोन बोटं वर, झोक्याच्या टोकाला उचलायची नाही. आधीच्या पट्ट्यावर पुढचा पट्टा थोडा चढवत सरकायचं. आवाज आला की त्याच जागेवर काटकोनात पुन्हा फिरवून पाहायचं. दोन्ही दिशांनी तोच स्वर निघाला तर वस्तू बहुधा खोदण्याजोगी. एका दिशेने गोड आणि दुसरीकडून घोगरी वाजली, तर वाकडा खिळा असण्याचा संभव जास्त. मग गवताचा गड्डा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटायचा, हातातल्या लहान पिनपॉइंटरने मातीत वस्तू हुडकायची, ती काढून गड्डा पुन्हा जागच्या जागी दाबून बसवायचा. चांगल्या शोधकाने खोदलेली जागा दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. ही शिस्त खरोखर कौतुकाची आहे. पण गवत जसंच्या तसं राहिलं म्हणजे जागाही जशीच्या तशी राहिली, असं नव्हे.

या ओसाड घरांमागे एक कायदा आहे. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1863पासून तो लागू झाला. कुटुंबप्रमुखाने किंवा एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने 160 एकर सरकारी जमिनीवर हक्क नोंदवायचा, तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची आणि साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. मग किरकोळ शुल्कात जमीन नावावर. सुमारे सोळा लाख दावे असे तडीस गेले. (ही ‘सरकारी’ जमीन त्याआधी कोणाची होती, हा वेगळ्या आणि मोठ्या लेखाचा विषय आहे, इथे तो कंसात ठेवावा लागतो याची मला लाज वाटते.) आपल्याकडे शेतावरची वस्ती असते तसं हे एकटं घर. शेजारी विहीर, तळघर, कोंबड्यांचं खुराडं, जरा लांब संडासाचा खड्डा. त्यातली कितीतरी घरं एका-दोन पिढ्यांत ओस पडली. 1890च्या दशकातल्या दुष्काळाने काही उठवली, 1930च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी आणखी. आज तिथे बहुधा भिंत नसते. जुन्या नकाशावर घराच्या जागी छोटा काळा चौकोन असतो, गवतात तळघराचा खळगा असतो, आणि मैलोन्‌मैल झाड नसलेल्या माळावर वसंतात अचानक लायलॅकचं झुडूप किंवा आयरिसची रांग फुलते. कोणीतरी लावल्याशिवाय ती तिथे आलेली नसते. शोधक ही खूण बरोबर ओळखतात. दारापासून संडासापर्यंतची पायवाट, कपडे वाळत घालायच्या तारेखालची जमीन, मोठ्या झाडाची सावली, या जागांवर नाणी आणि बटणं गळतात, हा त्यांचा अनुभवाचा नेम आहे.

आता नाणं आणि खिळा यांची साक्ष शेजारी शेजारी ठेवून तपासू. इंडियन हेड सेंट हे नाणं 1859 ते 1909 या काळात पाडलं गेलं. एखाद्या अंगणात 1887चं असं नाणं सापडलं, तर त्यावरून एवढंच ठरतं की ते 1887च्या आधी तिथे पडलेलं नाही. ते 1890मध्ये पडलं असेल, 1915मध्ये पडलं असेल, किंवा घर ओस पडल्यावर शिकारीला आलेल्या कोणाच्या खिशातून गळलं असेल. नाणी हातोहात फिरतात आणि दशकानुदशकं चालतात. खिळा फिरत नाही; तो ठोकला जातो. अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोहाराने घडवलेले खिळे होते. मग लोखंडी पट्टीतून यंत्राने कापलेले, चौकोनी छेदाचे खिळे आले आणि त्यांनी जवळजवळ शंभर वर्षं राज्य केलं. 1890च्या दशकात तारेपासून केलेल्या गोल खिळ्यांनी त्यांना मागे टाकलं. म्हणजे होमस्टेडचा काळ नेमका या बदलाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. एका कोपऱ्यात चौकोनी आणि दुसरीकडे गोल खिळ्यांची गर्दी असेल, तर मागाहून एक खोली जोडली असावी असा तर्क करता येतो. लांबीवरून काम कळतं: छपराच्या फळकुटांचे आखूड, सांगाड्याचे लांब. आकारावरून शेवट कळतो: उपसून काढलेला खिळा वाकतो, तर लाकूड जागेवरच कुजलं तर सरळ राहतो. त्या माळावर लाकूड महाग होतं; घरं फळीफळीने उतरवून नेली जात, कधी अख्खीच्या अख्खी ओढून दुसरीकडे नेली जात. आगीत तापून निघालेला खिळा पुष्कळदा इतरांपेक्षा कमी गंजतो, म्हणून जळालेलं घरही खिळ्यांच्या पोतावरून ओळखता येतं. आणि खिळे नसणं हाही पुरावाच. पहिलं घर अनेकदा गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या ढेकळांचं असे. त्यात खिळे लागत ते मुख्यतः दाराखिडक्यांच्या चौकटींना आणि छपराला.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सरकारी दप्तरात सगळं आहे की. आहे खरं. दावा सिद्ध करताना दिलेल्या कागदांत घराची लांबीरुंदी, किती एकर नांगरले, विहीर, कुंपण हे सगळं येतं. पण तो शपथेवरचा कागद आहे, आणि शपथ घेणाऱ्याचा 160 एकरांत स्वार्थ आहे. होमस्टेड दाव्यांमधली लबाडी त्या काळातही सर्वांना ठाऊक होती: चाकांवरची खोपटी एका दाव्यावरून दुसऱ्यावर नेणं, साक्षीदार भाड्याने आणणं, बारा बाय चौदा फुटांऐवजी बारा बाय चौदा इंचांचं खेळण्यातलं घर करून ‘बारा बाय चौदा’ अशी शपथ घेणं. शेवटचा किस्सा रंगवून सांगितला जात असेल, पण मुद्दा राहतोच. कागद म्हणतो घर होतं. ते होतं का, किती मोठं होतं, माणसं त्यात खरंच राहिली का, याची उलटतपासणी करायला जमीन सोडून दुसरं कोण आहे? आणि जमिनीचा हा जबाब मुख्यतः लोखंडात लिहिलेला असतो: खिळे, बिजागऱ्या, चुलीचे बिडाचे तुकडे, काटेरी तार, डबे. डब्यांचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डब्याच्या तोंडावरचं भोक डागाने बंद करत, मग दुमडून बंद केलेले डबे आले. घराजवळचा उकिरडा म्हणजे त्या कुटुंबाच्या दुकानउधारीची वहीच. यंत्राला मात्र तो कचरा वाटतो, कारण आपण तसं शिकवलेलं असतं.

शोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. या हजारो सामान्य घरांकडे पुरातत्त्वज्ञ कधी फिरकणारच नाहीत. वस्तू गंजून, नांगराखाली चिरडून जाणार. निदान आम्ही त्या वाचवतो. पहिला भाग बव्हंशी खरा आहे. पण वाचवणं हाच हेतू असेल, तर क्रम उलटा लागतो. चांदीला मातीत घाई नसते; आणखी पन्नास वर्षांनीही ती बहुतेक तशीच निघेल. गंज खातो तो खिळ्याला आणि पत्र्याच्या डब्याला. ज्याला खरोखर मुदत आहे, तेच यंत्रातून बाद केलं जातं. नांगराचा मुद्दाही पूर्ण टिकत नाही. नांगर वस्तू इकडेतिकडे ओढतो हे कबूल, पण दाट गर्दीच्या जागा बहुधा दाटच राहतात. विस्कटतो तो तपशील. शिवाय पाया, विहीर आणि झाडांमुळे अशा कितीतरी जागा शेतात बेटासारख्या न नांगरलेल्या उरतात.

यंत्र आणि पुरातत्त्व यांचं मुळातच वाकडं आहे, असाही एक समज आहे. तो खोडायला मोंटानामधलं लिटल बिगहॉर्न पुरेसं आहे. 25 जून 1876 रोजी तिथे अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी धुव्वा उडवला. ऑगस्ट 1983मध्ये वणव्याने तिथलं गवत जाळलं, आणि 1984 व 1985च्या उन्हाळ्यांत पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांच्या रांगा लावून ते रण विंचरून काढलं. आवाज आला तिथे आधी झेंडी, मग खोदकाम, मग वस्तूची नेमकी जागा नोंदवून ती उचलणं. काडतुसाच्या टोपणावर बंदुकीच्या पिनेचा ठसा उमटतो आणि तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. ठसे जुळवल्यावर एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली, हे रेखाटता आलं. योद्ध्यांकडे पुष्कळ हेन्री आणि विंचेस्टर या भराभर गोळ्या झाडणाऱ्या रायफली होत्या, हेही टोपणांनीच ठासून सांगितलं. हीच टोपणं नुसती गोळा करून बरणीत भरली असती, तर ती टोपणंच राहिली असती. यंत्रं तीच, वापरणारे हातही हौशीच. फरक झेंडीचा आणि नोंदीचा.

कायद्याचा मुद्दा मी थोडक्यात उरकतो, कारण माझा भर त्यावर नाही. 1979च्या कायद्याने अमेरिकेच्या संघीय जमिनीवरचे शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष संरक्षित आहेत. राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर चालत नाही. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की सहसा प्रश्न मिटतो. बहुतेक प्रामाणिक शोधक मालकाला विचारूनच जातात, काही सापडलेल्या वस्तूंत त्याला वाटाही देतात. हक्क त्यांचा आहे, वाद नाही. पण एखादी वस्तू उचलायचा हक्क असणं आणि ती कुठून उचलली हे विसरायची मुभा असणं, या दोन गोष्टी आपण फार सहज एक करतो.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न: एका घराच्या जागी हजारो खिळे, ते कोणी खोदायचे आणि ठेवायचे कुठे? खोदायचे नाहीतच. गंमत अशी की मुरलेले शोधक खिळे पूर्ण बंद करतच नाहीत. जास्त गाळलं की खिळ्याशेजारचं नाणंही यंत्र गिळून टाकतं, हे त्यांना ठाऊक असतं; म्हणून ते लहान कॉइल लावतात, लोखंडाची कुरकुर मंद आवाजात चालू ठेवतात आणि ती दाट झाली की म्हणतात, घर इथे होतं. म्हणजे खिळ्यांची साक्ष ते ऐकतात, मानतातही. फक्त लिहून घेत नाहीत. मला हवं आहे ते एवढंच लिहून घेणं. खळग्याभोवती दोरीने चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत लोखंडाचे आवाज मोजायचे, कोऱ्या कागदावर आकडे टाकायचे, दहा-पंधरा खिळे नमुन्याला काढून त्यांचा छेद, लांबी आणि वाक पाहायचा, फोटो घ्यायचा, आणि कागदाची प्रत जमीनमालकाला व जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला द्यायची. बाकीचे खिळे होते तिथेच राहू द्यायचे. लागणारं सामान म्हणजे दोरी, मोजपट्टी, पेन्सिल आणि एक अख्खी दुपार. त्या दुपारी पिशवीत एकही नाणं पडणार नाही, अशी दाट शक्यता आहे.