ट्रॅकची मांडणी आणि गांधाराचे स्थान

संगीतनिर्मितीच्या वर्कस्टेशनमध्ये वाद्यांचे ध्वनी आणि सीक्वेन्सर, म्हणजे स्वरांच्या आज्ञा क्रमाने नोंदवून ठेवणारे साधन, ही एकत्र आलेली असतात. १९८८ सालच्या कोर्ग एम-१ या वाद्यातील सीक्वेन्सर आठ ट्रॅकचा होता. आज हेच कार्य मुख्यत्वे संगणकावर चालते. अशा साधनावर रागांची स्वरोदाहरणे तयार करणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक ट्रॅकची मांडणी प्रथम ठरवावी लागते. ही बाब केवळ तांत्रिक समजून पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. वस्तुतः ती स्वरलेखनाचाच एक भाग होय, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

ट्रॅक आणि चॅनेल या दोन संज्ञांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. ट्रॅक ही लेखनाची ओळ आहे, तर चॅनेल हा ती ओळ ज्या वाद्याने वाजवावयाची त्याचा पत्ता आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मिडी संकेतानुसार एका जोडणीवर असे १६ चॅनेल असतात. वाद्याची निवड, ध्वनीची पातळी, डावी-उजवी बाजू या गोष्टी चॅनेलगणिक ठरतात. त्या चुकल्या तर चूक तत्काळ कानी पडते आणि सुधारताही येते. म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही. खरी अडचण स्वर चढविण्या-उतरविण्याच्या आज्ञेत, म्हणजे पिच-बेंडमध्ये आहे.

मिडीतील स्वरक्रमांक सामान्यतः समविभागी सप्तकाचे, म्हणजे १०० सेंटचा एक अर्धस्वर धरणारे असतात. त्यात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. ५:४ या प्रमाणाचा गांधार मात्र ३८६.३ सेंटांवर आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून महाराष्ट्रात चर्चिला गेलेला हा प्रश्न वर्कस्टेशनपुढेही तसाच उभा राहतो. हे सुमारे १३.७ सेंटांचे अंतर पिच-बेंडने भरून काढता येते. या आज्ञेची मूल्ये ० ते १६३८३ असून ८१९२ हा मध्य, म्हणजे स्वर जागच्या जागी, असे समजले जाते. पूर्ण बेंड दोन अर्धस्वरांचा असेल, तर आपला गांधार ७६३१ या मूल्यावर मिळतो.

परंतु ७६३१ या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. तो केवळ 'मध्यापासून ५६१ पायऱ्या खाली' एवढेच सांगतो. पायरी किती सेंटांची, हे वाद्याची बेंड-मर्यादा ठरविते. दोन अर्धस्वरांची मर्यादा रूढ असली, तरी काही वाद्यांत ती १२ अर्धस्वर ठेवलेली आढळते. तीच नोंद अशा वाद्यावर वाजविली, तर गांधार सुमारे ८२ सेंटांनी उतरून ३१८ सेंटांवर येतो. ६:५ प्रमाणाचा कोमल गांधार ३१५.६ सेंटांवर आहे! धैवतही अशाच रीतीने बांधलेला असेल, तर तोही सुमारे ९४ सेंट उतरून कोमल होतो. भूपाचे उदाहरण म्हणून नोंदविलेल्या स्वरावलीत मग भूप उरतच नाही. प्रमाण न दिलेल्या नकाशावरून अंतर मोजावे, तसाच हा प्रकार होय.

दुसरी मर्यादा अशी की, पिच-बेंड एकेका स्वराला लागू न होता संपूर्ण चॅनेलला लागू होतो. तंबोरा आणि गायनाची ओळ एकाच चॅनेलवर ठेवली, तर गांधार उतरविताना षड्जही तितकाच उतरतो; मग स्वरस्थान पडताळण्यास आधारच राहत नाही. २०१८ साली स्वीकृत झालेल्या एमपीई संकेताने प्रत्येक स्वराला तात्पुरता वेगळा चॅनेल देऊन ही अडचण दूर केली, आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये स्वरागणिक बेंडची तरतूद झाली. तथापि जुन्या संकेतावर चालणारी साधने आजही वापरात आहेत.

म्हणून मांडणीचा क्रम असा असावा. प्रत्येक स्वतंत्र स्वररेषेला स्वतंत्र चॅनेल द्यावा. ट्रॅकच्या आरंभीच कंट्रोलर १०१ व १०० यांना शून्य मूल्य देऊन, कंट्रोलर ६ ने बेंड-मर्यादा अर्धस्वरांत लिहावी. षड्जापासून पंचमापर्यंतची मींड सात अर्धस्वरांची असल्यामुळे दोनची मर्यादा तिला अपुरी पडते; १२ ची मर्यादा सोयीची, कारण तीतही एक पायरी ०.१५ सेंटांहून लहान राहते. या मर्यादेत गांधाराचे मूल्य ८०९९ होते. बेंडची आज्ञा स्वरारंभापूर्वी द्यावी; अन्यथा स्वर आधी समविभागी स्थानी उमटून मग घसरतो. काही वाद्ये मर्यादेची ही आज्ञा मानीत नाहीत. यासाठी षड्जावर पूर्ण बेंड देऊन तार षड्जाशी तो जुळतो की नाही, हे कानाने पडताळावे. न जुळल्यास वाद्याच्या स्वतःच्या मांडणीत मर्यादा बदलावी.

अखेरीस, संग्रहासाठी ठेवावयाच्या प्रत्येक नोंदीसोबत बेंड-मर्यादा, चॅनेल आणि षड्जाची कंपनसंख्या शब्दांत लिहून ठेवावी. आज मांडणी करणाऱ्याला जे उघड वाटते, ते दहा वर्षांनी ती नोंद उघडणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. त्याच्या हाती केवळ आकडे राहतील. त्यांतून शुद्ध गांधार निघावा की कोमल, हे आपण आज लिहिलेल्या एका ओळीवर अवलंबून आहे.